जानेवारीची वही

पुष्पलताच्या बोटांना डोळे आहेत, असं बोईसरात म्हणायचे. आणि म्हणणारे काही उगाच कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे नव्हते. कारखान्याच्या ऑफिसात कोण कुणाचं कौतुक करतो हो? पण ही बाई मशीनवर बसली की शेजारच्या टेबलावरची माणसं हातातला चहा विसरून बघत राहायची. नजर कागदावर, मान जराशी डावीकडे, आणि बोटं आपली चालूच. बोटांकडे तर ती बघायचीच नाही.

मुलगी तारापूर गावातली. वडील विश्राम, वाडीवाले. केळी, थोडी पानवेल, कुंपणाला नारळ. पुष्पलता नववीत असताना ते गेले आणि मागे माई आणि ही, अशा दोघीच उरल्या. माईने वाडी सांभाळली आणि पोरीला शिकवलं. त्र्याऐंशी साली ती पालघरला टायपिंगच्या क्लासला जायला लागली. रोज एसटीने जाऊन-येऊन. वर्षभरात मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास, आणि तिसऱ्या महिन्यात बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी. लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं. एका स्थळाने तर चक्क निरोप पाठवला, की मुलगी फार फटकळ आहे. होतीच फटकळ. तिची चूक कुणी काढलेली तिला खपायची नाही, कारण तिची चूक सापडायचीच नाही. दहा-बारा वर्षं असं चाललं ना, की ते माणसाच्या डोक्यात जातं. तिच्याही गेलं होतं, आणि ते तिला सांगायला कोण जाणार?

कारखान्यात संगणक आला तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले. पुष्पलता पंधरा दिवसांत तो शिकली. चौऱ्याण्णवला कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिच्या हातात दुसरं काही नव्हतं, पण हे कसब होतं. त्यावरच तिला मंडळात काम मिळालं.

हे मंडळ म्हणजे बोईसरच्या पाच-सहा कारखानदारांनी मिळून काढलेली एक छोटीशी संस्था. काम एवढंच, की मनोर रस्त्याला मासवणच्या आसपास जे पाडे आहेत, तिथल्या वर्षा-दीड वर्षाच्या आतल्या अशक्त पोरांना दर गुरुवारी आहार द्यायचा. शेंगदाण्याचे लाडू, दुधाची भुकटी, आणि डॉक्टर येतील त्या दिवशी औषध. पहिल्या वर्षी सेविकांनी पोर बघून आहार दिला. झालं! या पाड्याचे म्हणाले, त्या पाड्याला जास्त दिलं. ते म्हणाले, यांना तोंड बघून देतात. भांडणं थेट बोईसरपर्यंत आली. मग मंडळाचे कार्यवाह बळवंतराव, निवृत्त हेडमास्तर, त्यांनी ठरवलं की यापुढे संगणक सांगेल त्यालाच आहार. पोराची जन्मतारीख घालायची, वजन घालायचं, की पोर किती महिन्यांचं आणि त्या वयाला ते किती अशक्त, हे मशीन काढणार. अशक्तपणाच्या चार श्रेण्या होत्या, चौथी सगळ्यांत वाईट. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या पोरांची यादी छापायची, आणि यादीत नाव असेल त्याच पोराला लाडू. वजन दर दोन महिन्यांनी घ्यायचं आणि यादी पुन्हा छापायची. कुणाला बोलायची सोय ठेवायची नाही, असा बळवंतरावांचा हिशेब. माणूस वाईट नव्हता. हेडमास्तर होता, एवढंच.

तारखा मिळवायचं काम इंदुबाईंचं. इंदुबाई पालघरच्या, पन्नाशीच्या, पायाने पाडे तुडवणाऱ्या सेविका. तिकडच्या बायकांना तारीख विचारून उपयोग नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक. पण तारीख ठाऊक नाही म्हणजे दिवस ठाऊक नाही असं नव्हे हं. तिकडे पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला चिकटतं. बुधवारचा बुधा, सोमवारची सोमी. तेव्हा वार चुकायचा सवालच नाही. मग इंदुबाई विचारायच्या, संक्रांतीच्या आधी की मागून? चांदणं होतं का? मनोरच्या बाजाराला कोण गेलं होतं तेव्हा? असं करत करत भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका चौकोनावर बोट ठेवायच्या आणि ती तारीख वहीत उतरवायच्या. दर महिन्याची वेगळी पातळ वही. आत फक्त दिवस आणि महिना, कारण सन वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायचा.

पंचाण्णव साली जन्मलेल्या पोरांच्या अशा बारा वह्या. त्यांतल्या अकरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुष्पलताकडे आल्या. जानेवारीची वही तेवढी लसीकरणाचे आकडे जुळवायला सरकारी उपकेंद्रात गेली होती, ती अडकून पडली.

पुष्पलताने अकरा वह्या चार दिवसांत संपवल्या. तिची एक युक्ती होती, आणि त्या युक्तीचा तिला भारी अभिमान. तारीख घालताना ती वर्ष घालायचीच नाही. दिवस, तिरकी रेघ, महिना, एंटर. दिवस, तिरकी रेघ, महिना, एंटर. उजव्या हाताची बोटं आकड्यांवर, डाव्या हाताचं बोट वहीवर खाली खाली सरकतंय. वर्ष दिलं नाही तर चालू वर्ष मशीन आपणहून धरतं. पडद्यावर दिसायचंही तसंच आटोपशीर, दिवस आणि महिन्याची तीन अक्षरं. तिने तो सगळा रकानाच तसा करून टाकला. मंडळाचं छापायचं यंत्र अरुंद कागदाचं होतं, वर्ष छापलं तर शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर पळायचा. त्याच कारणाने वयाचा रकानाही तिने लपवून ठेवला होता. हिशेब आत व्हायचा, बाहेर फक्त श्रेणी दिसायची.

"चार आकडे वाचतात एका पोरामागे," ती बळवंतरावांना म्हणाली. "तीनशे पोरं धरा. बाराशे वेळा बोट उचलायचं वाचलं."

"शाब्बास!" बळवंतराव म्हणाले. हेडमास्तरांचा शाब्बास म्हणजे काय, ते ज्यांनी ऐकलाय त्यांनाच ठाऊक.

जानेवारीची वही आली ती जानेवारीच्या एकतीस तारखेला. नव्या सालच्या, शहाण्णवच्या. आता कळलं ना? पण तिला नाही कळलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, सव्वापाचची तारापूरची गाडी धरायची होती, आणि वहीत होती सगळी तेवीस पोरं. दिवस, रेघ, महिना, एंटर. तेवीस पोरांना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मशीनने प्रत्येक तारखेला आपलं चालू वर्ष लावलं, आणि वर्षाची झालेली तेवीस पोरं एका बैठकीत पुन्हा तान्ही झाली. पडद्यावर दिवस आणि महिना तेवढे दिसत होते, ते वहीशी तंतोतंत जुळत होते. तिने मशीन बंद केलं, पर्स उचलली आणि गाडी पकडली.

पाच फेब्रुवारीला वजनं झाली. गुरुवारी आठ तारखेला यादी मासवणला गेली. एकसष्ट नावं. यादीत कोण आहे ते सगळे बघतात. कोण नाही ते बघायला कुणाला सवड असते?

एका बाईला होती. लाडकी तिचं नाव. मासवणहून सूर्या नदीच्या अंगाने तासभर चाललं की तिचा पाडा. नवरा नवशा दिवाळी होताच वीटभट्टीवर गेला होता. दरसाल दोघंही जायची. या साली लाडकी मागे राहिली, कारण तिची पोरगी सोमी फार वाळली होती आणि इंदुबाईंनी तिला सांगितलं होतं, "भट्टीवर नको नेऊ तिला. इथं रहा, यादीत नाव येईल तिचं." वर्षाच्या पोरीचं वजन सव्वापाच किलो. नाव न येऊन जातंय कुठं?

आलं नाही. महिन्याच्या बाळाला सव्वापाच किलो म्हणजे चांगलं गुटगुटीत बाळ. मशीनने श्रेणी दिली साधारण.

पहिल्या गुरुवारी लाडकी रांगेत उभी राहिली आणि परत गेली. दुसऱ्या गुरुवारीही तेच. इंदुबाईंनी आपल्या डब्यातली भाकरी कुस्करून पोरीला भरवली, पण लाडू मोजके आणि नावं मोजकी, त्याला त्यांचाही इलाज नव्हता. शुक्रवारी त्या बोईसरला आल्या आणि पुष्पलताच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"पुष्पा, लाडकीच्या पोरीचं नाव नाय गं यादीत. जरा बघ ना."

"नसेल बसत."

"अगं, पोर बघशील तर तुझ्या तोंडात घास जाणार नाय."

पुष्पलताने कपाळाला आठी घातली, पण बघितलं हं. उगाच दोष नको. तिने जानेवारीची वही मागवली, पान काढलं, पडद्यावर नाव शोधलं. सोमी नवशा. वहीत सोळा जानेवारी, पडद्यावर सोळा जानेवारी. वजन सव्वापाच, पडद्यावर सव्वापाच. दोनदा बोट फिरवलं.

"तारीख बरोबर, वजन बरोबर. मग श्रेणी चुकेल कशी, इंदुबाई?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण पोर..."

"पोर बघून द्यायचं होतं तर मशीन कशाला आणलं? मग पुन्हा तीच भांडणं. एप्रिलात वजन होईल तेव्हा बघू."

इंदुबाई मागे फिरल्या. शिकलेल्या माणसापुढे त्या नेहमीच जरा दबून असत. त्यांनी तिथेच पदर खोचून भांडायला हवं होतं, असं त्या पुढे कितीदा तरी म्हणाल्या.

होळी झाली आणि एक दिवस लाडकीच बोईसरला आली. मासवणहून पालघर, पालघरहून बोईसर, विचारत विचारत. पोर लुगड्यात पाठीशी बांधलेली. दारात चप्पल काढायला गेली, तर पायात चप्पलच नव्हती. पुष्पलता कारखानदारांच्या सभेचा अहवाल टाईप करत होती.

"बाय," लाडकी म्हणाली, "मी सोमीची आय. मासवनकडची."

"हं. काय?"

"कागदात नाव नाय आला तिचा."

"मी बघितलंय ते. सगळं बरोबर आहे. एप्रिलात पुन्हा वजन होईल, तेव्हा या." बोटं चालूच होती.

लाडकी जागची हलली नाही. थोडा वेळ टकटक ऐकत उभी राहिली. मग दोन पावलं पुढे आली आणि हळूच म्हणाली, "बाय, दिस चुकला असंल तं दुसरा लिव."

"काय?"

"मी सोमवार सांगला. पुनवेचा सोमवार. तो चुकला असंल तं दुसरा लिव. ज्या दिसावर नाव येतंय, तो लिव."

आता बघा, त्या अडाणी बाईने बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं होतं. दुखणं तारखेतच होतं. अख्ख्या बोईसरात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते हिच्या आलं, कारण हिची पोर पाठीवर होती. आणि आमच्या हुशार पुष्पलताला काय आलं? राग! तारखा बदलायला सांगते? माझ्या तारखा?

"असं कसं लिहिता येईल?" ती कडाडली. "जन्मतारीख म्हणजे काय बाजारातली भाजी आहे, ही नको ती द्या म्हणायला? खोटं लिहायला सांगतेस? उद्या सगळ्याच येतील असं सांगायला!"

लाडकी घाबरली. "नाय बाय, खोटा नाय," असं काहीतरी पुटपुटली आणि मागे सरली. पाठीवरच्या लुगड्यातून पोरीचा एक पाय बाहेर आला होता. पुष्पलताला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला, पण तिने मान वळवली नाही. वळवली असती तर? हा प्रश्न तिने पुढे स्वतःला इतक्यांदा विचारला, की माई म्हणायची, पोरी, आता पुरे कर.

लाडकी गेली. पुष्पलताने अहवाल पुरा केला. एकही चूक नव्हती.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी, बावीस मार्चला, सोमी गेली. तीन दिवस हगवण लागली होती, अंगात काही उरलंच नव्हतं. सोमवारी इंदुबाई मंडळात आल्या. त्यांच्या हातात वही होती, पण त्यांनी ती उघडली नाही. टेबलाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "घे गं बाई लिहून. लाडकीची पोर गेली. बावीस तारीख."

दगावलेल्या मुलांचा वेगळा तक्ता होता. तो कारखानदारांकडे जायचा, आणि त्यात मृत्यूच्या वेळी वय किती महिने हा रकाना उघडा ठेवावा लागायचा. पुष्पलताने नाव घातलं, तारीख घातली. बावीस, रेघ, तीन, एंटर. वयाच्या रकान्यात आकडा उमटला.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

इंदुबाई पडद्याकडे बघत होत्या. इंग्रजी आकडे त्यांना वाचता यायचे.

"ते दोन काय हाय?"

"वय. दोन महिने."

"कुणाचं?"

"सोमीचं."

"दोन महिने?" इंदुबाई स्टुलावरून उठल्याच. "येड लागलं काय तुझ्या मशीनला? चार दात होते गं तिला! मला चावली होती भाकर भरवताना. दोन महिन्यांच्या पोराला दात असतात?"

पुष्पलताने जन्मतारखेच्या रकान्यावर जाऊन त्याची मांडणी बदलली, पूर्ण वर्ष दिसेल अशी. सोळा जानेवारी एकोणीसशे शहाण्णव. ती खाली गेली. शहाण्णव. शहाण्णव. शहाण्णव. तेवीसच्या तेवीस. वरच्या अकरा वह्यांची सगळी पोरं पंचाण्णवची, आणि हीच तेवीस शहाण्णवची. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला बोटांकडे बघत टाईप करावं लागलं. तेवीस तारखा, प्रत्येकीचं वर्ष चार आकड्यांत. मग श्रेण्या पुन्हा आल्या. तेवीसपैकी नऊ पोरं तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत होती, आणि सोमी चौथीत.

"इंदुबाई," ती म्हणाली, "तुम्ही मला सांगायला आला होतात."

इंदुबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याही रडायला लागल्या. दुसरं काय करणार?

बळवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनाही लागलं होतं, नाही असं नाही, पण संस्था चालवायची होती. "गुरुवारपासून आठही पोरांना आहार सुरू करा," ते म्हणाले. "डॉक्टरांना पाठवतो. आणि बाहेर काही बोलू नका. झालं गेलं गंगेला मिळालं. आठ पोरं वेळेवर सापडली म्हणायचं."

"नऊ होती," पुष्पलता म्हणाली.

"अहो, मुद्दाम का केलंत तुम्ही?"

"मुद्दाम केलं असतं तर वर्ष घातलं असतं. मी घातलंच नाही, सर. घाई होती मला. सव्वापाचची गाडी होती."

त्या रात्री पुष्पलताला जेवण गेलं नाही. माईला सांगितलं तेव्हा माईने आधी नेहमीसारखी बाजू घेतली. चूक कुणाकडनं होत नाय, तू काय देव हायस का, वगैरे. मग आपण त्या बाईला काय बोललो ते पुष्पलताने सांगितलं. बाजारातली भाजी म्हणाले, माई, मी तिला. खोटं लिहायला सांगतेस म्हणाले. तेव्हा मात्र माईने ताट बाजूला सारून लेकीला जवळ घेतलं. पुष्पलता बत्तीस वर्षांची होती, आणि वडील गेले तेव्हाही अशी रडली नव्हती.

गुरुवारी ती इंदुबाईंबरोबर मासवणला निघाली. बळवंतरावांना विचारलं नाही. इंदुबाई वाटभर समजावत होत्या. "कशाला जातेस? जखमेवरची खपली काढायला? तिला काय कळणार तुझं वर्षबिर्षं. गप आहार वाट आणि परत चल." आठ पोरांना आहार वाटून झाला. त्यांतल्या एकाने लाडू दोन्ही हातांत धरून असा काही खाल्ला, की पुष्पलताला तिथे उभं राहवेना. ती म्हणाली, "मला पाडा दाखवा."

उन्हं तापली होती. नदीला पाणी थोडंच होतं, दगडांवरून पाय टाकत गेल्या. लाडकीच्या झोपडीपुढे गाठोडं बांधलेलं होतं. नवशा तिला न्यायला आला होता, संध्याकाळी दोघं भट्टीवर जाणार होती. मागे राहायला आता कारणच काय होतं? नवशा कुडाला टेकून बसला होता. इंदुबाईंना बघून त्याने मान हलवली आणि पुन्हा खाली घातली.

लाडकीने पुष्पलताला ओळखलं. ती उठून उभीच राहिली, साहेबाच्या पुढे राहावं तशी. अहो, जिचं लेकरू गेलं ती उभी राहिली, आणि ही समोर, पायात सँडल घालून. पुष्पलताने वाटभर शब्द जुळवले होते, ते सगळे पळाले.

"बाई, माझ्याकडनं चूक झाली," ती म्हणाली. "सोमीचं नाव यादीत यायला हवं होतं. माझ्या चुकीमुळे आलं नाही."

लाडकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. समजल्यासारखं दिसेना. मग तिने इंदुबाईंकडे बघितलं.

"सोमवार नवता का?" तिने विचारलं.

"काय?"

"सोमीचा दिस. मी सोमवार सांगला. यांनी सांगला, तूच दिस चुकलीस, म्हनून नाव नाय आला." तिने नवऱ्याकडे हात केला. नवशाने मान वर केली नाही. "मी सासूला इचारला. सुईनीला इचारला. ती पन बोलली सोमवारच. मंग मला वाटला, मीच येडी, मीच कायतरी चुकीचा बोलली इंदुबायला. माझ्यापायी पोर गेली."

म्हणजे ही बाई आठवडाभर हे घेऊन बसली होती. पोर गेल्याचं दुःख होतंच, आणि वर हे.

"नाही, नाही गं!" पुष्पलता लाडकीजवळ गेली आणि तिचे दोन्ही हात धरले. "सोमवारच होता. पुनवेचा सोमवार. सोळा तारीख. तू सगळं बरोबर सांगितलंस. तुझं काहीच चुकलं नाही."

"आयकला काय?" लाडकी नवऱ्याकडे वळून म्हणाली. "सोमवारच होता." आणि तिच्या तोंडावर एकदम काहीतरी आलं, सुटका झाल्यासारखं. क्षणभरच. मग तिने पुन्हा पुष्पलताकडे बघितलं. हात अजून हातातच होते.

"मंग चुकला काय?"

"वर्ष," पुष्पलता म्हणाली. "मी वर्ष घातलं नाही. मशीनने चुकीचं घातलं. सोमीला त्याने एक वर्षाने लहान धरलं."

"वरीस?"

"हो."

लाडकीचा आवाज चढला नाही. ती भांडत नव्हती, शिव्याशाप देत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"वरीस तं मी सांगलाच नवता, बाय," ती म्हणाली. "वार मला ठावा होता, तो मी सांगला. पुनव सांगली. वरीस कोन इचारतो? वरीस तं तुमाला ठावा होता ना?"

नवशाने गाठोडं उचललं आणि तिला हाक मारली. लाडकीने हात सोडवून घेतले, झोपडीच्या दाराला फांदी आडवी लावली आणि त्याच्या मागून चालायला लागली.